नाव मस्टरवर आहे का?

पिंक स्लिप गुलाबी नसते, हे मला ११ जानेवारी २०२४ ला कळलं. ती पांढरी असते, ए-फोर साइजची असते, आणि तिच्या तळाशी 'आपली विश्वासू' लिहून तुमचंच नाव टाइप केलेलं असतं. म्हणजे बघा, कंपनी तुम्हाला काढतच नसते. तुम्हीच कंपनी सोडताय!

गुरुवार होता. डब्यात मेथीची भाजी होती. साडेअकराला एचआरचा फोन आला, 'पाच मिनिटं येतेस का?' कॉन्फरन्स रूममध्ये एसी फुल्ल, टेबलावर टिश्यू पेपरचा बॉक्स. तो बॉक्स बघितला तेव्हाच पोटात गोळा आला. डिपार्टमेंट 'रिस्ट्रक्चर' होतंय म्हणाले. माझ्याबद्दल तक्रार काहीच नाही म्हणाले. फक्त एक फॉर्मॅलिटी : राजीनाम्यावर सही. मग दोन महिन्यांचा पगार मिळेल, रिलीव्हिंग लेटर 'क्लीन' मिळेल, पुढच्या नोकरीत कुणी प्रश्न विचारणार नाही. नाही केली सही, तर मात्र 'बघावं लागेल'.

मी सही केली. आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत अकरा मिनिटं लागली. सहा वर्षांच्या नोकरीला अकरा मिनिटं! आणि वर बाहेर पडताना मीच 'थँक यू' म्हणाले.

त्या अकरा मिनिटांची किंमत किती, हे मला कळायला दीड महिना लागला. ते कळलं पुण्यात नाही, गावाकडे. म्हणून हा लेख. तुमच्यापैकी कुणाला उद्या त्या टिश्यू पेपरवाल्या खोलीत जावं लागलं, तर निदान पेन उचलायच्या आधी हे वाचलेलं असावं.

एकोणीस दिवसांचं नाटक

मी मूळची इंदापूर तालुक्यातली. लासुर्णे-जंक्शनच्या पट्ट्यात आमचं गाव. चार एकर ऊस, दोन जर्सी गाई आणि 'पुण्याला आयटीत' असलेली मुलगी, ही आमच्या घराची इस्टेट. आता मी आयटीत नव्हते, एका कंपनीच्या परचेस डिपार्टमेंटमध्ये होते, पण गावात पुण्याच्या काचेच्या बिल्डिंगमधलं सगळंच आयटी!

घरी सांगायचं तर पंचाईत. नोकरी गेली असं कळलं की आमच्याकडे दुसरं वाक्य ठरलेलं असतं, 'मग आता स्थळं बघायला मोकळी.' फलटणकडच्या एका स्थळाची बोलणी चाललीच होती. बायोडेटात ठळक अक्षरात, 'नोकरी : पुणे'.

तेव्हा मी काय केलं? काहीच सांगितलं नाही. रोज साडेआठला लॅपटॉपची बॅग अडकवून रूमवरून निघायचे. लॅपटॉप तर कंपनीने काढून घेतला होता, बॅगेत नुसती पाण्याची बाटली आणि डबा. अर्धा दिवस लायब्ररी, मग सीसीडीत एका कॉफीवर तीन तास. रात्री नऊला आईचा फोन. 'जेवलीस का? काम फार होतं का गं?' 'हो गं, मीटिंगवर मीटिंग.'

हे एकोणीस दिवस चाललं. तिसाव्या जानेवारीला रात्री फोन आला तो आईचा नाही, चुलत भावाचा. तो बारामती एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात लाइनवर होता, चार वर्षं. 'ताई, आमच्या चाळीस जणांतल्या नऊ जणांना काढलं. मी त्यात आहे.' मी विचारलं, 'घरी सांगितलंस?' तो म्हणाला, 'घरी काय, सगळ्या गावाला माहितीय. दुपारी आलो, पारावर बसलो, सांगून टाकलं. संध्याकाळपर्यंत तीन जणांनी तीन ठिकाणं सुचवली. एकाने तर उद्याची गाडीपण ठरवली.'

मी फोन ठेवला आणि हिशेब केला. त्याची नोकरी जाऊन सहा तास झाले होते आणि तीन माणसं त्याच्यासाठी कामाला लागली होती. माझी जाऊन एकोणीस दिवस झाले होते आणि माझ्यासाठी एकही माणूस काही करत नव्हता. कारण कुणाला माहीतच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी स्वारगेटहून एसटी पकडली.

आजीचा एकच प्रश्न

जानेवारीअखेर म्हणजे गाळप हंगाम ऐन भरात. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग, रस्त्यावर पाचट, हवेत मळीचा वास. घरी पोचले तर सगळे अंगणातच. धीर करून सांगून टाकलं.

आई गप्प. अण्णा गप्प. आजीला ऐकू कमी येतं म्हणून दोनदा सांगावं लागलं, तेही ओरडून. म्हणजे शेजारच्या दोन घरांनाही आपोआप कळलं. आजी म्हणाली, 'मस्टरवर नाव हाय का काढलं?'

मला हसू आलं. म्हटलं, आजी, हल्ली मस्टर नसतं, बायोमेट्रिक असतं. ती ऐकेचना. १९७२ च्या दुष्काळात आजी रोजगार हमीच्या कामावर होती, खडी फोडायला. इंदापूर-बारामतीच्या जिरायत पट्ट्यात त्या वर्षी घरोघरच्या बाया कामावर होत्या. मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली पिढी ही. तिच्या लेखी दोनच गोष्टी खऱ्या : काम मागितलं की नाही, आणि मस्टरवर नाव लागलं की नाही. 'काम मागायला कसली लाज? आमी मागितलं तवा सरकारनं दिलं. नाव कसं काढलं ते बघ आधी. आपलं आपण काढलं का त्यांनी काढलं?'

अक्षरओळखही नसलेल्या बाईने विचारलेला हा प्रश्न म्हणजे अख्ख्या कामगार कायद्याचं सार आहे, हे मला नंतर कळलं.

ले-ऑफ, कपात आणि राजीनामा

ते समजावलं आमच्या मामांनी. मामांची हयात वालचंदनगरला गेली. साखर आणि सिमेंट कारखान्यांच्या यंत्रांपासून इस्रोच्या रॉकेटच्या भागांपर्यंत सगळं जिथे बनतं, ते इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर. युनियनमध्ये मुरलेला माणूस. त्यांनी मला आणि भावाला समोरासमोर बसवलं आणि दोघांचे कागद मागितले.

भावाच्या कागदावर लिहिलं होतं 'कामगार कपात'. माझ्यावर 'राजीनामा'. मामा म्हणाले, 'झालं. हा जिंकला, तू हरलीस.'

आपण बोलताना सगळ्यालाच 'ले-ऑफ' म्हणतो. अमेरिकेतल्या बातम्या वाचून लागलेली सवय. आपल्या कायद्यात मात्र ले-ऑफचा अर्थ वेगळा आहे. कच्चा माल नाही, वीज नाही, मशीन बंद पडलं, माल पडून राहिला, म्हणून मालक तात्पुरतं काम देऊ शकत नाही, पण *तुमचं नाव मस्टरवर राहतं*, तो ले-ऑफ. ५० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात, वर्षभर नोकरी झालेल्या कामगाराला अशा दिवसांचा मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मा मोबदला मिळतो. हंगामी कारखाने यातून वगळलेले. साखर कारखान्यातल्या हंगामी कामगाराला बिगरहंगामात रिटेन्शन अलाउन्स मिळतो, ते वेगळं. (आणि गंमत म्हणजे, कारखाना बंद झाल्यावर तो कामगार चार महिने घरी बसला तर आमच्याकडे त्याला कुणी बेकार म्हणत नाही. 'सीझन संपला' म्हणतात. शब्दाने किती फरक पडतो बघा.)

नाव कायमचं काढलं, तुमची काही चूक नसताना, ती *कपात*. आणि आपण होऊन नाव काढून घेतलं, तो *राजीनामा*.

कपातीत काय मिळतं? वर्ष पूर्ण झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार. शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. भावाची चार वर्षं, म्हणजे ६० दिवस. त्याचा पगार १८ हजार, तेव्हा नोटिशीचे १८ आणि भरपाईचे साधारण ३६ हजार त्याच्या हातात आले.

माझा राजीनामा, म्हणून मला यातलं काहीच लागू नाही. मी म्हटलं, 'मामा, मला तसंही लागू नसतं. मी एक्झिक्युटिव्ह होते.'

'एक्झिक्युटिव्ह म्हणजे? हाताखाली माणसं किती?'

'एकही नाही.'

'सुट्ट्या कुणाच्या मंजूर करायचीस?'

'माझी स्वतःचीसुद्धा नाही.'

'मग दिवसभर करायचीस काय?'

'परचेस ऑर्डर बनवायच्या. सिस्टीममध्ये एंट्री मारायच्या.'

'म्हणजे कारकुनी. कायद्याने कामगारच की तू!'

मंडळी, हा मुद्दा अंडरलाइन करा. कायदा व्हिजिटिंग कार्डवरचं पद बघत नाही, प्रत्यक्ष काम बघतो. मॅनेजरचं किंवा प्रशासकीय काम करणारे कामगारांत येत नाहीत. देखरेख करणारे ठरावीक पगाराच्या वर गेले की येत नाहीत, आणि ही मर्यादा आता १८ हजार आहे. पण कारकुनी आणि तांत्रिक कामाला पगाराची अशी अटच नाही. 'एक्झिक्युटिव्ह', 'असोसिएट', 'असिस्टंट मॅनेजर' अशी झकास नावं लावून कारकुनी करणारे आपल्यात किती आहेत, जरा डेस्कच्या आजूबाजूला बघा.

मग मामांनी आकडा सांगितला. सहा वर्षांचे सहा गुणिले १५, म्हणजे ९० दिवस. शिवाय नोटिशीचा एक महिना. एकूण साधारण चार महिन्यांचा पगार. मला मिळाले दोन. म्हणजे अकरा मिनिटांत मी दोन महिन्यांचा पगार सोडून दिला, आणि वर थँक यू म्हणाले.

दबाव टाकून घेतलेल्या राजीनाम्याविरुद्ध कामगार अधिकाऱ्यांकडे जाता येतं. पण दबाव होता हे सिद्ध करायला कागद लागतो, आणि माझ्याकडे एक ई-मेलसुद्धा नव्हता. सगळं 'तोंडी' झालेलं. तेव्हा मी तो नाद सोडला. तुम्ही असाल त्या खोलीत, तर एवढंच म्हणा, 'मला हे मेलवर पाठवा, मी दोन दिवसांत कळवते.' दोन दिवसांनी आभाळ कोसळत नाही.

आता नियम काय?

आमचं प्रकरण १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखालचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. नोटीस आणि वर्षाला १५ दिवस हे सूत्र नव्या संहितेतही कायम आहे. नवीन काय? कपात झालेल्या कामगाराला नवं कौशल्य शिकता यावं म्हणून मालकाने आणखी १५ दिवसांचा पगार निधीत भरायचा, आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा. नोकरी संपली की पगाराचा राहिलेला हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा, मग तुम्ही काढलेले असा की सोडून गेलेले. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर वर्षभराच्या नोकरीवरही ग्रॅच्युइटी. दुसरी बाजूही आहे : कपातीआधी सरकारची परवानगी घ्यायची सक्ती पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्यापासून होती, ती आता ३०० पासून.

ग्रॅच्युइटी मात्र राजीनाम्यावरही मिळते, ती सोडू नका. हिशेब सोपा आहे : शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. माझा बेसिक १८ हजार, सहा वर्षं, म्हणजे ६२ हजार ३०८ रुपये. ३० दिवसांत मिळायला हवी. मी दोन मेल पाठवले तेव्हा मिळाली.

बेकारी भत्ता? आपल्याकडे?

हो, आहे! पण तो ईएसआयवाल्यांना. महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांचा ईएसआय कापला जातो. आपण पगाराच्या स्लिपवर त्या कपातीकडे बघून चरफडतो, पण नोकरी गेल्यावर तीच कपात कामाला येते.

कारखाना बंद पडला किंवा कायद्याने कपात झाली आणि किमान दोन वर्षं ईएसआय भरलेला असला, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. २००५ पासूनची आहे. पहिले १२ महिने सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मे, पुढचे १२ महिने पाव, आणि त्या काळात दवाखानाही. नवी नोकरी लागली की भत्ता बंद. भावाला हीच लागू झाली, कारण त्याच्या पत्रावर 'कपात' हा शब्द होता. रोजचे ६०० धरून ३०० रुपये. पाच महिने घेतले त्याने, ४५ हजारांच्या आसपास.

दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. २०१८ मध्ये प्रायोगिक म्हणून आली. तेव्हा रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के मिळायचे, कोविडमध्ये २०२० ला ५० टक्के केले. ९० दिवसांपर्यंत, आयुष्यात एकदाच. तिची मुदत वेळोवेळी वाढवत आणलीय, तेव्हा अर्ज भरण्याआधी ईएसआयच्या शाखेत विचारून घ्या. गैरवर्तनाबद्दल काढलं असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल, तर मिळत नाही. पुन्हा तेच : नाव कसं निघालं?

माझा पगार २१ हजारांच्या वर, म्हणून मी दोन्हीकडून बाद. मधल्या पगारवाल्यांची ही खरी गोची. आपल्याला भत्ता नाही, आपला भत्ता म्हणजे आपलीच शिल्लक. तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा असं सगळे सांगतात. मी ठेवला नव्हता, म्हणून मीही सांगते.

पीएफला हात लावू नका

पहिल्याच आठवड्यात मला पीएफ काढायचा मोह झाला होता. थांबले ते बरं झालं. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर त्यावर टॅक्स लागतो. पेन्शनला दहा वर्षं लागतात, आणि यूएएन तोच ठेवून खातं नव्या कंपनीत ट्रान्सफर केलं तर जुनी वर्षं मोजली जातात. नोकरी गेली तरी व्याज थांबत नाही.

अगदीच अडलं तर? तेव्हा नियम होता, एक महिना बेकार राहिलात तर ७५ टक्के, दोन महिने राहिलात तर सगळा. १३ ऑक्टोबर २०२५ ला ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने ठरवलं, ७५ टक्के लगेच आणि उरलेले वर्षभराने. आणखी एक : जुन्या कंपनीने तुमची 'डेट ऑफ एक्झिट' टाकली का बघा. नसेल टाकली, तर शेवटचं योगदान जमा झाल्यावर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः पोर्टलवर टाकू शकता. त्यासाठी जुन्या एचआरच्या पाया पडायची गरज नाही.

> पहिल्या आठवड्यात हे करा
> - राजीनाम्यावर तिथल्या तिथे सही नको. सगळं मेलवर मागा.
> - ऑफिसचा मेल बंद व्हायच्या आत पगाराच्या स्लिपा, अप्रेझल, फॉर्म सोळा आपल्या मेलवर घ्या. कंपनीचा डेटा मात्र चुकूनही नको.
> - ऑफिसचा मेडिक्लेम शेवटच्या दिवसापर्यंतच असतो. त्याच विमा कंपनीकडे स्वतःच्या पॉलिसीत जाता येईल का, हे तो संपायच्या आत विचारा.
> - ईएमआय असेल तर हप्ता बाउन्स व्हायच्या *आधी* बँकेत जा. नंतर गेलात तर दंडही आणि सिबिलही.
> - क्रेडिट कार्ड कपाटात. कुलूप लावून.
> - घरी सांगा. आजच.

अण्णांनी डेअरीवर सांगितलं

आता नोकरी शोधायची गोष्ट. बारामतीत २ मार्च २०२४ ला विद्या प्रतिष्ठानच्या आवारात नमो महारोजगार मेळावा भरला. मी आणि भाऊ दोघंही गेलो. आधी राज्य सरकारच्या महास्वयम् पोर्टलवर नाव नोंदवलं. हे फुकट आहे, आणि मेळाव्याला जायचं नसलं तरी नोंदवून ठेवा. मला तिथे नोकरी लागली नाही. पण दिवसभरात सात वेळा स्वतःबद्दल दोन मिनिटं बोलावं लागलं. पहिल्या वेळी 'पर्सनल रीझनमुळे सोडली' म्हणाले आणि समोरच्याचे डोळे बारीक झाले. सातव्या वेळी सरळ सांगितलं, 'डिपार्टमेंट बंद झालं, सहा वर्षांची परचेसची सवय आहे, वेंडरशी भांडून भाव कमी करते.' तो हसला आणि सीव्ही वरच्या गठ्ठ्यात ठेवला. खरं बोलणं हीच इंटरव्ह्यूची बेस्ट टेक्निक, बॉस!

पुण्यातही अर्ज चालूच होते. पण एक गोष्ट मी सहा वर्षांत कधी पाहिलीच नव्हती : माझ्या घरापासून तासाभराच्या आत किती कंपन्या आहेत! बारामतीत पियाज्जोच्या आपे रिक्षा बनतात, भारत फोर्ज आहे, फेरेरोची चॉकलेट्स बनतात, श्रायबर डायनामिक्सचं चीज बनतं. भिगवणला कागदाचा कारखाना, इंदापूरला सोनाईची डेअरी. या सगळ्यांना काही ना काही विकत घ्यावंच लागतं, म्हणजे परचेसवाली माणसं लागतातच. आणि मी पुण्यात कॉफीवर तीन तास बसून हिंजवडीच्या जागा शोधत होते.

नोकरी लागली ती मात्र पोर्टलवरून नाही, मेळाव्यातूनही नाही. अण्णांमुळे.

सुरुवातीचे दोन आठवडे अण्णा माझ्याशी धड बोलले नव्हते. फलटणच्या स्थळाला काय सांगायचं, हा घोर त्यांना. मी म्हटलं, 'अण्णा, खरं सांगा.' त्यांनी फोन केला, सांगितलं. पलीकडून 'बघू, कळवतो' आलं, आणि परत फोन आलाच नाही. अण्णा दिवसभर गोठ्यात होते. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. संध्याकाळी दुधाचे कॅन घेऊन निघाले आणि उंबऱ्यातून म्हणाले, 'नोकरी बघून पोरगी मागणारी माणसं. बरं झालं, आधीच कळलं.'

त्या दिवशी दूध संकलन केंद्रावर, सगळ्या गावासमोर, अण्णांनी आपण होऊन सांगितलं, 'पोरीची पुण्याची नोकरी गेली. हिशेबाला पक्की आहे. कुठं असंल तर बघा.' आमच्या अण्णांना ओळखणाऱ्याला कळेल, या तीन वाक्यांना त्यांना काय पडलं असेल. उधारीसुद्धा न मागणारा माणूस.

टँकरवरच्या सुपरवायझरने ते ऐकलं. त्याच्या ओळखीने बारामती एमआयडीसीतल्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत मार्चअखेर इंटरव्ह्यू झाला. १५ एप्रिलला मी जॉइन झाले.

पगार? पुण्यात हातात ३४ हजार यायचे, इथे २९. पण तिकडे रूमचं भाडं साडेनऊ, मेस साडेतीन, आणि शनिवार-रविवारचे मॉल वेगळे. इथे स्कूटीचं पेट्रोल आणि आईच्या हातचा डबा. महिनाअखेर हातात जास्त राहतात. अर्थात सगळं गुडी गुडी नाही. संध्याकाळी सातनंतर करायला काही नसतं, पुण्याच्या मैत्रिणी तुटल्यासारख्या झाल्यात, आणि 'पुण्याहून परत आली' ही कुजबुज सहा महिने ऐकली. भावाला जुलैमध्ये दुसऱ्या कंपनीत काम मिळालं, आधीपेक्षा दीड हजार जास्त. तो मला अजून चिडवतो, 'ताई, तू शिकलेली, मी आयटीआय. पण कागद मी वाचला.'

खरंच आहे. तो सही करायच्या आधी म्हणाला होता, 'साहेब, यावर काय लिहिलंय ते मराठीत सांगा.' मला इंग्रजी येत होतं, म्हणून मी विचारलंच नाही.

जॉइन झाले त्या दिवशी नव्या एचआरने फाइल पुढे केली. मी म्हटलं, 'वाचायला अर्धा तास द्या.' तिने आश्चर्याने बघितलं, पण दिला. अपॉइंटमेंट लेटर, पद, काम काय, नोटीस पिरियड किती, पीएफ, ग्रॅच्युइटी, सगळं वाचलं. मग सही केली.

संध्याकाळी घरी आले तर आजी ओट्यावरच बसलेली. चहा नाही, पाणी नाही, पहिला प्रश्न :

'लागलं का नाव मस्टरवर?'

'लागलं आजी,' मी ओरडून सांगितलं. दोन घरं पलीकडेही ऐकू गेलं असणार. जाऊ दे!